वहिवाट

रस्ता बांधतात आणि वाट पडते. आपल्या भाषेनें हा भेद फार पूर्वीं करून ठेविला आहे, आणि मला तो नेहमींच मार्मिक वाटत आला आहे. रस्त्याला कोणी तरी बांधणारा लागतो. त्यासाठीं अंदाजपत्रक होतें, मंजुरी येते, उद्घाटनाचा समारंभ होतो, आणि पहिल्या पावसांत त्याला खड्डेहि पडतात. वाटेला यांपैकीं कांहींच लागत नाहीं. दहा माणसांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्याची गरज भासली, कीं गवत दबतें, माती उघडी पडते, आणि वाट तयार होते. ती कोणीं पाडली हें कोणालाहि सांगतां येत नाहीं. आणि तीं दहा माणसें जाईनाशीं झालीं, कीं दोन-चार पावसाळ्यांत ती बुजून जाते. त्यासाठींहि कोणाची मंजुरी लागत नाहीं.

कोकणच्या किनाऱ्यावरची वाट तर सगळ्या वाटांमध्यें विशेष अधांतरी म्हटली पाहिजे. तिचा निम्मा भाग पुळणीवरून जातो, आणि पुळणीवर उमटलेलीं पावलें समुद्र दिवसांतून दोनदां पुसून टाकतो. उरलेली वाट डोंगराच्या सोंडेवरून, कातळाच्या सड्यावरून, कोणाच्या तरी आगरांतून, दोन गडग्यांमधल्या पाणंदींतून जाते. नकाशावर तिची सलग रेघ सांपडावयाची नाहीं. तरी पण केळशीहून हर्णैस पायीं जावयाचें असेल तर पुळण कोठें सोडावी, घाटी कोठें चढावी, आणि कोणत्या वहाळावर साकव आहे, हें त्या पट्टींतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारलें तर तो न अडखळतां सांगेल.

मी इंग्रजीचा अध्यापक. त्यामुळें समुद्रकांठची पायवाट म्हटली कीं मला प्रथम आठवते ती इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरची, माइनहेडपासून पूलपर्यंत जाणारी ६३० मैलांची वाट. तिची जन्मकथा मोठी गंमतीची आहे. एकोणिसाव्या शतकांत चोरून माल उतरविणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठीं सरकारी पहारेकरी कड्याच्या अगदीं कडेनें गस्त घालीत. प्रत्येक खांचेंत आणि प्रत्येक कोपऱ्यांत डोकावून पाहणें त्यांना भाग असे. त्यामुळें त्यांच्या पायांखालीं जी वांकडीतिकडी वाट पडली, तिच्यावरून आज लोक पाठीला पिशव्या बांधून हौसेनें चालतात. वेल्सनें २०१२ सालीं आपला सबंध किनारा ८७० मैलांच्या पायवाटेनें जोडून काढला. आणि इंग्लंडांत किनाऱ्यानें सलग वाट करून देण्याचें काम २००९ च्या कायद्यानें सरकारवर सोंपविलें.

आमच्या कोकणांत वाट पहारेकऱ्यांनीं पाडलेली नाहीं. ती पाडली डोक्यावर पाट्या घेतलेल्या कोळणींनीं, माहेरीं निघालेल्या सासुरवाशिणींनीं, शाळेच्या पोरांनीं आणि पंचांग काखेंत मारून निघालेल्या भिक्षुकांनीं. समुद्र पाहावा म्हणून तिच्यावरून कोणी चाललें असेल असें मला वाटत नाहीं. समुद्र पाहावयास जातो तो पाहुणा; गांवचा माणूस त्याच्याकडे पाहतो तो भरती किती चढली आहे हें समजण्यापुरता. धोंडो केशव कर्वे १८७५ च्या सुमारास मुरुडहून परीक्षेसाठीं साताऱ्यास पायीं गेले, आणि तेथें पोंचल्यावर वयानें लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. आपण ती मुलांना चिकाटीचें उदाहरण म्हणून सांगतों. मला तींत आणखीहि एक गोष्ट दिसते: सतरा वर्षांच्या मुलानें घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत जावें, यांत त्या काळच्या मुरुडकरांना कांहीं अघटित वाटलें नसावें.

गेल्या माघांत मी या वाटेनें चाललों तो मात्र हौसेनें नव्हे. आमचें मूळ घर याच पट्टींत आहे. गांवाचें नांव येथें देत नाहीं. ज्या व्यवहाराबद्दल मला लिहावयाचें आहे तो अद्याप पुरा झालेला नाहीं, आणि त्यांतील दुसऱ्या पक्षाला अवघडल्यासारखें व्हावें अशी माझी इच्छा नाहीं. केळशी आणि आंजर्लें यांच्या मध्यें तें आहे, एवढें पुरे. रस्त्याला लागून घर. घरामागें उताराचें नारळी-पोफळीचें आगर. आगर संपतें तेथें सुरूची ओळ, आणि तिच्या पलीकडे पुळण. आगराच्या एका अंगानें, गडग्याला धरून, जांभ्या दगडाची एक पाखाडी रस्त्यापासून थेट समुद्रापर्यंत उतरते. ती आमच्या जमिनींतून जाते. पण ती आमची आहे असें आमच्या घरांत कोणीं कधीं म्हटल्याचें मला स्मरत नाहीं.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलें. दापोली आणि मंडणगड तालुक्यांत त्यानें जो उत्पात केला तो ज्यांनीं पाहिला त्यांच्या डोळ्यांपुढून कधीं जावयाचा नाहीं. आजोबांच्या हातच्या नारळी मुळासकट आडव्या झाल्या. पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या. माझा धाकटा बंधु तेथें राहतो. मी पुण्यांत बसून दूरध्वनि लावीत होतों आणि तो लागत नव्हता; बंधु त्या वेळीं आईला घेऊन माजघरांत बसला होता, आणि वर कौलें उडत होतीं. नारळ लावल्यापासून फळ धरावयास सहा-सात वर्षें जातात. पोफळीलाहि जवळजवळ तेवढींच. बंधूनें झाडें पुन्हां लाविलीं, निम्मीं जगलीं. त्याची पन्नाशी उलटली आहे, आणि मुलगा मुंबईस नोकरीला लागला आहे. एके दिवशीं त्यानें मला सांगितलें, "दादा, माझ्यानें आतां होत नाहीं. मुंबईचे एक गृहस्थ आगर मागतायत. घर ठेवूं, आगर देऊन टाकूं."

किंमत चांगली होती आणि अट एकच होती: पाखाडी बंद झाली पाहिजे. त्या गृहस्थांना तेथें पर्यटकांसाठीं खोल्या बांधावयाच्या आहेत, आणि अंगणांतून मासळीच्या पाट्या गेलेल्या त्यांच्या पाहुण्यांना आवडणार नाहींत, असें मध्यस्थानें समजावून दिलें. मध्यस्थ सौम्य वृत्तीचा, नम्रपणें बोलणारा माणूस होता. कायद्याची कांहीं अडचण नाहीं, सातबाऱ्यावर वाटेची नोंदच नाहीं, असेंहि त्यानें सांगितलें. समुद्रकांठच्या बांधकामावर १९९१ पासून जे निर्बंध आहेत त्यांतून तो कोणती वाट काढणार होता, हें मीं विचारलें नाहीं.

सही दोघांची लागणार होती. मीं बंधूला म्हटलें, सही करावयाचीच तर करूं. पण त्यापूर्वीं एकदां केळशीपासून हर्णैपर्यंत आपण दोघे चालत जाऊं. "गाडी आहे दाराशीं," तो हंसून म्हणाला. पण आला.

आदल्या रात्रीं आईनें विचारलें, "उद्यां तिथि कोणती रे?" आई आज ८४ वर्षांची आहे, आणि तिचें माहेर केळशीचें. तिला आतां दिसतें कमी, पण तिथीचा हिशेब पक्का आहे. घांटावरच्या वाचकांसाठीं तो हिशेब सांगून ठेवितों. तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आंतबाहेर. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. दुसऱ्या दिवशीं वद्य पंचमी होती; पांचाची पाऊणपट पावणेचार. "म्हणजे दहाच्या सुमाराला पुरी ओहोटी," आई म्हणाली. "सातला केळशी सोडलीत तर आपल्या सोंडेखालून कोरड्या पायांनीं याल. रेंगाळलात तर वरून घाटीनें यावें लागेल." माझ्या खिशांतल्या यंत्रावर भरती-ओहोटीचें कोष्टक होतें. तें मीं हळूच काढून पाहिलें. त्यांत आणि आईच्या हिशेबांत वीस मिनिटांचा फरक होता.

केळशीच्या पुळणीवर, भारजा नदीच्या मुखाकडे, वाळूची एक प्रचंड टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनीं तिचा अभ्यास करून, सोळाव्या शतकाच्या आरंभीं आलेल्या त्सुनामीच्या लाटांनीं ती रचली असावी असें मत मांडलें. यावर मतभेदाला जागा आहे. पण ज्या किनाऱ्यानें आपण चालणार तो नेहमींच असा नव्हता, एवढें त्या टेकडीच्या पायथ्याशीं उभें राहिलें कीं कोणासहि पटावें. आम्ही तेथें फार थांबलों नाहीं. आईची वेळ पाळावयाची होती.

ओहोटीच्या पुळणीवरून चालणें हें जगांतल्या सुखद चालण्यांपैकीं एक आहे. पाणी नुकतेंच सरकलेली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाहीं, आणि टांच पडते तेथें क्षणभर कोरडें वर्तुळ उमटून पुन्हां ओल भरते. बारीक खेकडे बिळांतून वर येऊन वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बिळाभोंवतीं मांडीत असतात. त्यांच्या त्या रांगोळीवर पाय देणें जिवावर येतें, पण दुसरा उपाय नसतो, कारण रांगोळी अर्धा मैल पसरलेली असते. लहानपणीं मी पुढें चालत असें, आणि बंधु माझ्या पावलांत पाऊल ठेवून उड्या मारीत मागून येई. आतां तो पुढें होता. त्याला रोजची संवय. आणि मला पुण्याच्या सपाट रस्त्यांनीं बिघडविलेलें. एक तासभर आम्ही कांहीं बोललों नाहीं.

केळशी आणि आडें यांच्या मध्यें उटंबरचा डोंगर समुद्रांत घुसला आहे. तेथें पुळण सोडून घाटी चढावी लागते. माघांत गवत पिवळें पडलेलें असतें, जांभ्याचा कातळ सकाळींच तापावयास लागतो, आणि करवंदीच्या जाळ्यांना पांढरीं फुलें येऊं लागतात. वरून काय दिसतें याचें वर्णन करण्याचा मोह मी आवरतों. आमच्या ललितलेखकांनीं त्या समुद्राला आधींच पुष्कळ थकविलें आहे.

वर पोंचल्यावर वाट एकाएकीं थांबली. सिमेंटचे नवे खांब, त्यांवर काटेरी तारेचे पांच पदर, आणि एक पाटी: 'खाजगी मालमत्ता. प्रवेश बंद.' वाट कुंपणाच्या पलीकडे जशीच्या तशी पुढें जात होती. ती आम्हांला दिसत होती. मोळी घेऊन येणारी एक बाई आम्हांला पाहून थांबली. "तिकडून नका जाऊं, भाऊ," ती म्हणाली. "कुंपण घातलंनी. आम्ही पण वरून वळसा घालतों." तिनें दाखविलेल्या बाजूनें आम्ही गेलों. पांच मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला, आणि करवंदीच्या कांट्यांनीं दोघांचेहि हात ओरखडून निघाले.

बंधूचा स्वभाव शांत आहे. पण त्या दिवशीं तो चिडला. "यांना ही वाट अडवायला कोणीं सांगितलें?" तो म्हणाला. "आजी याच वाटेनें केळशीला जात होती. आई लग्नानंतर याच वाटेनें आली. ह्यांनीं काल जमीन घेतली, आणि आज..." येथें तो मधेंच थांबला. मीं त्याच्याकडे पाहिलें नाहीं. घाटी उतरूं लागलों तेव्हां तो माझ्या बराच पुढें गेला होता.

'वहिवाट' या आपल्या शब्दाच्या पोटांत वाट आहे. कोर्टाच्या भाषेंत गेल्यावर तो रुक्ष झाला. वहिवाटदार, वहिवाटीचा हक्क, अशा जोडशब्दांनीं त्याला धूळ चढली. पण मूळ अर्थ पायांशींच जोडलेला आहे: जेथून लोक जात आले, तेथून त्यांनीं जावें. सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदा म्हणतो, कीं दुसऱ्याच्या जमिनींतून उघडपणें, शांततेनें, हक्काच्या भावनेनें आणि अखंड वीस वर्षें गेलें, तर जाण्याचा हक्क मिळतो. आणि अखंड वीस वर्षें न गेल्यास मिळालेला हक्क नष्ट होतो. सबंध गांवाच्या वाटेला हीं कलमें नेमकीं कशीं लागतात तें वकिलांनीं सांगावें. मला त्यांतला व्यवहार आवडतो. त्या दोन कलमांपुरता तरी, तो मसुदा लिहिणारा साहेब रोज पायीं फिरावयास जाणारा असावा अशी माझी समजूत आहे.

कोकणच्या किनाऱ्याला या गोष्टीचें महत्त्व दुसऱ्या एका कारणासाठीं आहे. भरतीच्या रेषेखालची पुळण कोणा एकाची नाहीं. ती सरकारची, म्हणजे सर्वांची. तिच्यावर कोणालाहि चालतां येतें. पण तिच्यावर उतरावयाचें कोठून? एकाचें आगर दुसऱ्याच्या आगराला लागून आहे. रस्ता आगरांच्या अलीकडे, समुद्र पलीकडे. मधून ज्या चार पाखाड्या उतरतात त्याच काय त्या समुद्राच्या दारांसारख्या. त्या एकेक करून बुजल्या, तर पुळण सर्वांचीच राहील. फक्त तिच्यावर जावयास आधीं खोली भाड्यानें घ्यावी लागेल.

आडें मागें पडलें. दहाला दहा मिनिटें असतां आम्ही आमच्या सोंडेखालून आलों, आणि आई म्हणाली होती तसे कोरड्या पायांनीं आलों. खडकावर दोन बायका कोयत्यानें कालवें फोडीत बसल्या होत्या. त्यांपैकीं एकीनें बंधूला, सूनबाईचा ताप उतरला का, असें विचारलें. मला ती ओळखत नव्हती.

आमच्या पाखाडीला अठ्ठावीस पायऱ्या आहेत. जांभा दगड मऊ. त्यामुळें प्रत्येक पायरी मधोमध झिजून तिची परात झाली आहे, आणि पावसाळ्यांत त्या परातींत पाणी सांचतें. खालून चौथा चिरा पाय पडला कीं डुगडुगतो. सकाळीं सातला या वाटेनें कोळणी वर येतात. साडेदहाला कोळीवाड्यांतलीं मुलें शाळेला जातात. भाद्रपदांत सगळ्या वाडीचे गणपति याच वाटेनें समुद्रावर जातात. आणि पुळणीच्या टोकाला, सुरूच्या आडोशाला, गांवाची स्मशानभूमि आहे. वडिलांना आम्ही आषाढांत याच पायऱ्यांवरून नेलें. पाऊस लागून राहिला होता, दगड शेवाळले होते, आणि खांदेकरी वहाणा काढून एकेक पायरी चांचपीत उतरत होते. खांदा बदलावयास जागा एकच आहे, मधल्या वळणावर. तेथें खालून येणाऱ्या तीन कोळणी पाट्या खालीं ठेवून, गडग्याला पाठ लावून, डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्याच वळणावर बंधु बसला आणि मीहि बसलों. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "वादळाच्या दुसऱ्या दिवशींची गोष्ट तुला कधीं सांगितली नाहीं." मग त्यानें ती सांगितली. रस्ता दोन्ही बाजूंनीं झाडांनीं बुजला होता. घरावर फणस पडला होता, आणि पडवीचें दार उघडत नव्हतें. सकाळीं सातच्या सुमारास आगरांतून माणसांचे आवाज आले. कोळीवाड्यांतले चौघेजण कुऱ्हाड आणि करवत घेऊन पुळणीनें आले होते. या पाखाडीवर पडलेल्या पोफळी तोडीत तोडीत ते वर चढले होते. त्यांच्या स्वतःच्या घरांवरचे पत्रे उडालेले होते. त्यांनीं फणस तोडला, आईला बाहेर काढलें, चहासुद्धां न घेतां पुढच्या घरीं गेले.

"रस्ता चौथ्या दिवशीं मोकळा झाला," तो म्हणाला, आणि उठला.

येथें बंधूची बाजू मला नीट मांडली पाहिजे. जो मनुष्य पुण्याहून मे महिन्यांत आंबे खावयास जातो, त्यानें वाटेच्या वहिवाटीवर रसाळ बोलावें, आणि जो बाराही महिने तेथें राहून माडाला पाणी घालतो त्यानें ऐकून घ्यावें, हा न्याय मला मान्य नाहीं. बंधूला पैशाची गरज आहे. नव्या रोपांना खत, मजुरी, पंप, आईचें औषध हें सगळें त्यानें चालविलें आहे. कोकणांतल्या जमिनी विकूं नका म्हणून उपदेश करणारे पुष्कळ असतात. त्यांपैकीं बहुतेकांच्या घराला कोकणांत कौल नसतें. तेव्हां आगर विकावयाचें कीं नाहीं हा प्रश्न त्या दिवशीं आमच्यापुढें नव्हताच. वाट आगराबरोबर विकली जाते काय, एवढाच होता.

घरीं जेवून आम्ही पुढें निघालों. भरती चढत होती, म्हणून पाडल्यापासून पुळण सोडून रस्ता धरला. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला खालूनच हात जोडले. तेथेंहि एक पाखाडी आहे. पण आतां देवळापर्यंत मोटार जाते, आणि पाखाडीच्या पायऱ्यांवर गवत वाढलें आहे. जोग नदीच्या खाडीवर पूर्वीं तर होती. पलीकडून होडी येईपर्यंत कांठावर बसावें लागे, आणि त्या अर्ध्या तासांत दोन गांवांच्या सगळ्या सोयरिकी, आजार आणि कज्जे बोलून होत. आतां पूल आहे. पुलाविरुद्ध माझी तक्रार नाहीं; रात्रीं अडलेली बाईहि त्यामुळें वेळेवर दापोलीस पोंचते. तरीच्या आठवणी काढून गळा काढणाऱ्यांनीं भर पावसांत एकदां त्या कांठावर बसून पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

हर्णैस पोंचलों तेव्हां उन्हें उतरलीं होतीं. समोर सुवर्णदुर्ग. १७५५ सालीं कमोडोर जेम्सनें तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि घेतांना पेशव्यांची मदत इंग्रजांना होती, हें शाळेंत शिकतांना आम्हांला लाज वाटे. याच बंदरांत आजोबा मुंबईची आगबोट धरीत. आगबोट दूर उभी राही आणि उतारूंना पडावांतून तिच्यापर्यंत नेत. आगबोटी गेल्या. मासळीचा लिलाव राहिला आहे. पाण्यांत उतरलेल्या बैलगाड्या, बर्फाच्या पेट्या, आणि एका पाटीभोंवतीं गोळा होऊन बोटांच्या खुणांनीं भाव करणाऱ्या बायका. आम्ही एका उलथ्या होडीवर बसलों.

"दादा," बंधु म्हणाला, "वाटेची पट्टी वगळून मोजणी करून घेतली तर? सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद करूं. मग उरलेलें द्यायचें."

"किंमत उतरेल," मीं म्हटलें.

"उतरेलच."

"मग उतरेल ती माझ्या हिश्श्यांतून उतरूं दे."

यावर तो खरोखरच रागावला. "पायऱ्या दोघांच्या आहेत," तो म्हणाला. "अर्धें अर्धें." आणि तेथेंच, लिलावाच्या गलबल्यांत एका कानावर हात ठेवून, त्यानें मध्यस्थाला दूरध्वनि केला. पलीकडचें बोलणें मला ऐकूं आलें नाहीं. बंधु तीन वेळां "नाहीं" म्हणाला आणि शेवटीं "विचारून सांगा" म्हणाला.

आम्ही शेवटच्या एस.टी.नें परतलों. आई जागी होती. आगराबद्दल तिनें कांहीं विचारलें नाहीं. सोंडेखालीं किती वाजतां पोंचलांत, एवढेंच विचारलें. आणि दहाला दहा कमी होते म्हटल्यावर, "मग थोडे रेंगाळलात," असें म्हणून कूस बदलली.

परवां बंधूचा दूरध्वनि आला. मोजणीदार येऊन गेला. वाटेची पट्टी सगळीकडे सहा फूट रुंद भरली. फक्त मधल्या वळणावर, जेथें खांदा बदलतात तेथें, ती साडेचारच फूट आहे, कारण शेजाऱ्यांचा गडगा केव्हां तरी दीड फूट आंत सरकला आहे. मुंबईच्या गृहस्थांचें उत्तर अजून यावयाचें आहे. शेजाऱ्यांशीं बोलणें चालू आहे. त्यांचें म्हणणें असें, कीं गडगा त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून तेथेंच आहे.